टेक्स्टाइल रायडिंग जॅकेट पावसात आतून ओलं, थंडीत गार, उन्हात असह्य: दोष कुठे शोधायचा

दर हंगामात तक्रार नवी वाटते, पण मूळ एकच असतं. जुलैत: "ऑल सीझन म्हणून घेतलं आणि नाशिकहून मुंबईला जाताना घोटीच्या पुढे आतून चिंब झालो." डिसेंबरात: "थर्मल लायनर लावलं तरी छातीला वारा लागतोच." एप्रिलमध्ये तर जॅकेट खुंटीवरच राहतं. तिन्ही वेळा माणूस नवं जॅकेट बघायला निघतो. बहुतेकांना त्याची गरज नसते. आहे त्या जॅकेटमध्ये काय चुकतंय हे घरच्या घरी शोधता येतं.

आधी रचना समजून घ्या. बाजारात "तीन थरांचं" म्हणून मिळणाऱ्या बहुतेक जॅकेटांत सर्वांत बाहेर जाड पॉलिस्टर, नायलॉन किंवा जाळी असते. खांदा, कोपर आणि पाठीच्या आर्मरचे, म्हणजे पडल्यावर मार झेलणाऱ्या गाद्यांचे, खिसे त्यालाच शिवलेले असतात. त्याच्या आत चेनने (झिपने) जोडलेलं वॉटरप्रूफ लायनर, म्हणजे काढता येणारं अस्तर, आणि त्याच्याही आत थर्मल लायनर. म्हणजे पाणी आणि वारा आधी बाहेरच्या कापडात शिरतात आणि मग कुठेतरी आत अडतात. खाली दिलेल्या बहुतेक तक्रारी या क्रमातूनच येतात. म्हणून नाशिकच्या हवेसाठी आमचा सल्ला ठाम आहे: जॅकेटकडे पडल्यावर घासण्यापासून आणि मारापासून वाचवणं एवढंच काम ठेवा, पाणी आणि वारा त्याच्या बाहेर, वेगळ्या कवचाने अडवा.

पावसात आतून ओलं होतंय

पहिला प्रश्न: हे पाणी पावसाचं आहे की घामाचं? घरी आल्यावर जॅकेट लगेच वाळत टाकू नका. आतला टी-शर्ट काढून उजेडात बघा. पाठ, काखा आणि सॅकच्या पट्ट्यांखालचा भाग सारखाच दमट असेल तर तो घाम. गळ्यापासून छातीवर उतरलेला ओघळ, मनगटापासून कोपराकडे चढलेली ओल, चेनच्या रेषेत उभा पट्टा किंवा पोटाच्या खाली, जिथे टाकीपाशी पाणी साचतं तिथला डाग असेल तर ते पाऊसपाणी.

घामाचा भाग आधी, कारण त्याला गळती समजून बरीच चांगली लायनरं फेकली जातात. "हवा खेळणाऱ्या" मेंब्रेनमधून (लायनरमधल्या पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्यातून) वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. इगतपुरीच्या गार हवेत तो फरक बऱ्यापैकी असतो. कसारा घाट उतरून शहापूरकडे गेलात की हवा उबदार आणि दमट होते, फरक जवळजवळ संपतो आणि घाम आतच राहतो. त्यातच बाहेरचं कापड पाण्याने भरलेलं असेल तर वाफेला वाटच उरत नाही. एकाच प्रवासात घाटावर कोरडं आणि घाटाखाली ओलं, असं होत असेल तर लायनर बहुधा शाबूत आहे.

पाऊसच आत येतोय असं वाटलं तर लायनरची चाचणी घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

लायनर जॅकेटपासून सोडवा आणि उलटं करा, म्हणजे एरवी पावसाकडे असणारी बाजू आत येईल. एका बाहीचं मनगट रबरबँडने घट्ट बांधा. बाही बादलीवर धरून खांद्याकडून साधारण एक लिटर पाणी ओता. दहा मिनिटं तसंच धरा आणि बाहेरून शिलाईच्या रेषा बघत राहा. मग दुसरी बाही. त्यानंतर पुढच्या पल्ल्यांचा आणि पाठीचा एकेक भाग पिशवीसारखा धरून तेच. निकाल तीन प्रकारचा असतो.

शिलाईवर थेंब जमतात, बाकी कापड कोरडं: सीम टेप, म्हणजे शिलाईची भोकं झाकणारी पट्टी, सुटली आहे. सर्वांत आधी ती कोपराच्या आतल्या वळणावर आणि काखेत सुटते, कारण तिथे कापड सतत दुमडतं. हे दुरुस्त होतं. सुटलेला टेपचा तुकडा पूर्ण सोलून काढा. अर्धवट चिकटलेल्या टेपवर काही लावलं तर तेही तिच्यासोबतच निघतं. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा. तंबू आणि सॅक दुरुस्तीसाठी मिळणाऱ्या पॉलियुरेथेन सीम सीलरचा पातळ थर शिलाईच्या दोन्ही बाजूंना सुमारे पाच मिलिमीटर बाहेर जाईल असा ओढा आणि रात्रभर सपाट ठेवा. सायनोॲक्रिलेटची झटपट चिकटवणारी ट्यूब वापरू नका. ती कडक होते आणि पहिल्याच वळणाला तडकते. नळजोडणीचं सिलिकॉन तर अजिबात नको. ते पॉलियुरेथेनच्या कोटिंगवर नीट धरत नाही आणि नंतर त्यावर दुसरं काहीही चिकटू देत नाही.

कापडातूनच जागोजागी पाणी झिरपतं, किंवा आतल्या बाजूने पापुद्रे निघतात, हाताला चिकट लागतं: कोटिंग संपलं. ओलाव्यात पॉलियुरेथेनचं विघटन होतं. पावसाळ्यानंतर ओलसर लायनर घडी करून कपाटात टाकलं की एक-दोन वर्षांतही हे घडू शकतं. याला दुरुस्ती नाही. पैसे बाहेरच्या रेनजॅकेटवर घाला.

काहीच गळत नाही: मग पाणी उघड्या जागांतून येतंय. इथे खरी मेख आहे. आतल्या लायनरची बाही बाहेरच्या बाहीपेक्षा लांब राहून मनगटाशी डोकावत असेल, तर तिची कड पाणी शोषून आत ओढत राहते. लायनरच्या टोकाची बटणं किंवा लूप जॅकेटच्या मनगटाला अडकवलेली आहेत का बघा. बरेच जण ती लावतच नाहीत. ग्लोव्हज बाहीच्या आत घाला, बाही वरून येऊ द्या. सरळ बसून चालवताना हात खाली उतरते असतात आणि पाणी बाहीवरून मनगटाकडे वाहतं. ग्लोव्हजचं तोंड बाहीवरून घेतलंत तर पाणी थेट मुठीत जातं. गळ्याशी हेल्मेटवरून निथळणारं पाणी कॉलरच्या आत उतरतं. कॉलर पूर्ण बंद करा, पण सुती रुमाल बाहेर डोकावू देऊ नका, तोही पाणी खेचत आत नेतो. चेनच्या आतली झडप गटारीसारखी वळलेली असेल तर चेन लावताना ती उलटी दबली नाही ना, हे बोटाने तपासा. आणि लायनर कमरेशी पँटच्या आत खोचलं जात असेल तर बाहेर काढा, नाहीतर सगळं पाणी पँटमध्ये उतरेल.

हे सगळं निस्तरलं तरी एक अडचण राहतेच. बाहेरचं कापड आणि त्यातलं पॅडिंग भिजतं, जॅकेट जड होतं, बाहेरच्या खिशात पाणी साचतं, वाऱ्याने ते वाळताना अंगातली ऊब ओढून घेतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गार ओलं जॅकेट परत अंगावर चढवावं लागतं. नाशिक शहरातला पाऊस आवरता येण्यासारखा असतो. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात तो कैकपटीने पडतो. इगतपुरीचा वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात आहे. तिथे आतलं लायनर हा उपाय नव्हे.

म्हणून जॅकेटवरून घालायचं रेनजॅकेट. ते घेताना रायडिंग जॅकेट अंगात घालूनच दुकानात जा. रोजच्या मापापेक्षा एक, कधी दोन नंबर मोठं लागतं. दोन्ही हात हँडलवर असल्यासारखे पुढे करा: बाही मनगटाच्या हाडाखाली यायला हवी आणि कोपराचं आर्मर ओढलं जाऊन वर सरकायला नको. दंडावर आवळायच्या पट्ट्या असाव्यात, नाहीतर ८०च्या वेगाला कापड फडफडून शिलाई उसवते. आतल्या बाजूने शिलाईवर टेप आहे का ते दुकानातच उलटं करून बघा. "वॉटरप्रूफ" लिहिलेलं पण बिनटेपचं बरंच काही विकलं जातं. सोबत कमरेत उंच येणारी रेनपँट घ्या, कारण बसल्यावर मांड्यांच्या मध्ये साचणारं पाणी बुटक्या पँटच्या वरून आत जातं. रंग पिवळा किंवा भगवा घ्या. घाटातल्या धुक्यात काळं रेनजॅकेट मागून येणाऱ्या ट्रकला दिसतच नाही, आणि हा मुद्दा कोरडं राहण्यापेक्षा मोठा आहे. मुंबईकडे निघालात तर घोटीला थांबून आधीच चढवा. भिजल्यावर चढवलेलं रेनजॅकेट ओल आत कोंडून ठेवतं.

बाहेरचं कापड पाणी पीत असेल तर

नव्या कापडावर पाण्याचे गोल मणी बनतात. काही महिन्यांनी कापड गडद होऊन पाणी शोषू लागतं. पृष्ठभागावरचं जलरोधक लेपन घामाच्या मिठाने, धुळीने, सॅकच्या पट्ट्यांच्या घर्षणाने आणि विशेषतः धुण्याच्या पावडरीने निकामी होतं. आधी नीट धुवा. पुष्कळदा लेपन गेलेलं नसतं, मळाखाली दबलेलं असतं. धुऊन वाळल्यावर लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल तर मधे सुती कापड ठेवून अगदी मंद आचेवर इस्त्री फिरवा, उष्णतेने लेपन पुन्हा जागं होतं. तरी मणी धरत नसतील तर टेक्स्टाइलसाठीचा जलरोधक फवारा मारा. जाळीच्या जॅकेटवर यात पैसे घालू नका, तिच्या भोकांतून पाणी जाणारच.

थंडीत वारा लागतोय

डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा ६-७ अंशांवर आल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. हवा १० अंश असेल आणि वेग ताशी ८० किलोमीटर, तर उघड्या त्वचेला ती साधारण ४ अंशांसारखी लागते. थर्मल लायनर ऊब धरतं ते त्यातल्या स्थिर हवेमुळे. जाळीतून घुसणारा वारा ती हवाच उडवून लावतो. म्हणून जाड लायनर लावूनही फरक पडत नाही.

उपाय तोच: पावसाळ्यातलं रेनजॅकेट थंडीतही बाहेरून घाला. आत अंगाला चिकटून पूर्ण बाह्यांचा बेसलेयर (घट्ट बसणारा आतला टी-शर्ट) आणि त्यावर एक पातळ फ्लीस पुरतं. ओझर-पिंपळगावकडे पहाटे निघणाऱ्यांनी एवढं केलं तरी लायनर लावायची वेळ क्वचितच येते, आणि उन्हं वर आली की पाच मिनिटांत बाहेरचं कवच काढून डिकीत टाकता येतं. फुगीर पफर जॅकेट आत कोंबू नका. ते दबलं की ऊब संपते, शिवाय कोपरापाशी बाही आवळली जाऊन रक्तप्रवाह कमी होतो आणि बोटं सुन्न होतात. अशा वेळी दोष ग्लोव्हजना दिला जातो. वारा गळ्यातून आणि कमरेतून येत असेल तर गळ्याला बफ (नळीसारखी कापडी पट्टी) घाला आणि जॅकेट-पँट जोडणारी चेन लावा. ही चेन बहुतेक जॅकेटांना असते आणि फारच थोडे ती वापरतात. पडून घसरताना जॅकेट वर सरकू न देण्याचं कामही तीच करते.

उन्हात घालवत नाही

मार्चनंतर मालेगाव-धुळे रस्त्यावर दुपारी हवा ४० अंशांच्या आसपास असते, त्वचा साधारण ३५ अंशांची. म्हणजे येणारा वारा अंग गार करत नाही, तापवतो. गारवा फक्त घाम वाळण्यातून मिळतो. नाशिकची उन्हाळी हवा कोरडी असल्याने घाम झपाट्याने वाळतो, इतका की गारवा टिकवायला तो पुरत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे निघताना सुती बनियन किंवा टी-शर्ट भिजवून, पिळून घालणं आणि वर जाळीचं जॅकेट. सिंथेटिक टी-शर्ट लवकर सुकतो, म्हणून या एका कामासाठी सुतीच बरा. दर ४०-५० मिनिटांनी थांबून परत भिजवा आणि त्याच थांब्यावर पाणी प्या. हीच युक्ती मुंबईत फसते, कारण दमट हवेत ओलं कापड वाळतच नाही.

जाळी नसलेल्या जॅकेटला व्हेंट (हवेसाठीच्या उघडझाप करता येणाऱ्या फटी) असतील तर छातीवरचे उघडून पाठीवरचे बंद ठेवण्याची चूक फार दिसते. हवा शिरायला आणि निघायला दोन्ही वाटा हव्यात. पाठीवर सॅक असली की निघायची वाट बंद होते, सामान मागच्या सीटवर बांधा. पुढची चेन अर्धी उघडून चालवू नका. जॅकेट फुगून खांद्यांचं आर्मर जागेवरून हलतं. त्याऐवजी मनगटाच्या पट्ट्या सैल करा, बाहीतून हवा वर येते. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ सुरू झाली तर गाडी सावलीत लावा, जॅकेट काढा, ओआरएस घ्या.

आर्मर जागेवरून सरकतंय

ही तक्रार कोणी करत नाही, कारण चालवताना ती जाणवत नाही. धोका मात्र सर्वांत मोठा इथेच आहे. जॅकेट दुकानात दोन्ही लायनर लावलेल्या अवस्थेत घालून बघितलं जातं आणि त्या मापाने घेतलं जातं. घरी लायनरं निघतात, बाही दोन बोटं सैल होते आणि वर्षातले आठ-नऊ महिने कोपराचं आर्मर हाताच्या बाजूला लोंबत राहतं. रस्त्यावर आपटतं ते कोपर, आणि गादी असते शेजारी.

तपासायची पद्धत: लायनर काढा, आत फक्त टी-शर्ट. चेन आणि सगळ्या पट्ट्या लावून गाडीवर बसा, हात हँडलवर. दुसऱ्या माणसाला कोपराचं आर्मर चिमटीत धरून फिरवायला सांगा. ते हाडावरून बाजूला सरकत असेल तर दंड आणि मनगटाच्या पट्ट्या एकेक घर आवळून परत बघा. काही जॅकेटांत आर्मरच्या खिशाला वर-खाली असे दोन वेल्क्रो असतात, उंची बदलून बघा. खांद्याची वाटी हाडावर बसायला हवी, दंडावर उतरलेली चालणार नाही. इतकं करूनही सरकत असेल तर जॅकेट मोठं आहे. टेलरकडून बाही आत घेण्याचा मोह होईल, पण मुख्य शिलाई उसवून साध्या धाग्याने, एकेरी घातली तर घसरताना तीच आधी फाटते. छोटा नंबर घेणं हाच इलाज.

आता आर्मर बाहेर काढून त्यावरचं लिखाण वाचा. त्यावर युरोपीय मानकाचा क्रमांक हवा: कोपर आणि खांद्यासाठी ईएन १६२१-१, पाठीसाठी ईएन १६२१-२. लेव्हल १ आणि लेव्हल २ मधला फरक मोठा आहे: कोपर-खांद्याच्या चाचणीत लेव्हल १ मधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल आत पोहोचलेलं चालतं, लेव्हल २ ला ही मर्यादा २० आहे. पाठीसाठी हेच आकडे १८ आणि ९. बऱ्याच जॅकेटांच्या पाठीच्या खिशात काहीच न लिहिलेला मऊ फोम असतो. तो केवळ आकार भरण्यासाठी आहे, संरक्षण म्हणून शून्य समजा. खिशाची लांबी-रुंदी मोजा आणि त्यात बसेल असं प्रमाणित पाठीचं आर्मर घ्या. या सगळ्या लेखातला एकच खर्च करणार असाल तर हा करा. टी प्लस अशी खूण असलेलं आर्मर ४० अंशांतही तपासलेलं असतं. आपल्या उन्हाळ्यात ती खूण कामाची आहे, कारण मऊ प्रकारचं आर्मर उष्णतेत आणखी नरम होतं.

"सीई आर्मर" (सीई ही युरोपीय मान्यतेची खूण) म्हणजे जॅकेट प्रमाणित, असं नाही. जॅकेटच्या कापडाचं आणि शिलाईचं प्रमाणपत्र वेगळं, ईएन १७०९२ नावाचं. त्यात ट्रिपल ए सर्वांत वरचा वर्ग, मग डबल ए, मग ए. बी वर्गात घर्षणाची चाचणी असते पण आर्मरची सक्ती नसते. हे लेबल जॅकेटच्या आत शिवलेलं असतं. डेनियरच्या आकड्यावर भुलू नका. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. त्यावरून धागा किती जाड ते कळतं, किती टिकाऊ ते नाही. चांगलं ५०० डेनियर नायलॉन साध्या ६०० डेनियर पॉलिस्टरपेक्षा घासायला सरस असू शकतं. जाळीचं जॅकेट घेताना खांदा, कोपर आणि बाहीची बाहेरची बाजू भरीव कापडाची आहे का ते बघा, जाळी छाती-पाठीवर असू दे.

कुबट वास, मिठाचे डाग, अडकणारी चेन

उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा नीट धुणं पुरे. सगळं आर्मर काढा, कुठलं कोणत्या बाजूचं ते लक्षात राहायला आधी फोटो घ्या. चेन आणि वेल्क्रो लावून टाका, नाहीतर वेल्क्रोचे काटे जाळी ओरबाडतात. टबात कोमट, सुमारे ३० अंशांचं पाणी, त्यात दोन झाकणं लिक्विड डिटर्जंट, वीस मिनिटं बुडवून हाताने दाबत धुवा. पावडर, ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर नको. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चारदा खंगाळा, साबण राहिला तर कापड पाणी ओढतं. पिळू नका. रुंद खांद्याच्या हँगरवर, सावलीत, पंख्याखाली वाळवा. गच्चीवरच्या मे महिन्याच्या उन्हात रंग आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या तर जातातच, धागाही कमकुवत होतो. आर्मर ओल्या फडक्याने पुसा, बुडवू नका, आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच खिशात घाला. पुसतानाच त्याला तडे गेलेत का, कडा भुगा होतायत का ते बघा. तसं असेल किंवा त्यावर जोरात पडला असाल तर बदला.

चेन घट्ट चालत असेल तर जुन्या टूथब्रशने दात साफ करून मेणबत्ती घासा. तेल लावलंत तर धूळ धरते. चेन लावल्यावर मागून उघडत असेल तर दात शाबूत असतात, रनर (ओढायचा सरकता भाग) सैल झालेला असतो. बारीक पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा किंचित दाबा, एका वेळी अगदी थोडं. रनर तुटला तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून त्याच नंबरचा बसवून घ्या. नंबर बहुधा रनरच्या पाठीवर कोरलेला असतो.